प्रवेश मिळाल्यावर अर्जात चूक दिसली तर
सर्व पालक सभासदांना नमस्कार.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात हायस्कूलचे विषय आणि ग्रेड मुलं स्वतःच भरतात. शाळेकडून अंतिम ट्रान्स्क्रिप्ट (विषय आणि ग्रेडची अधिकृत नोंद) १ जुलैपर्यंत जावी लागते, आणि ती अर्जाशी ताडून पाहिली जाते. 'बी'च्या जागी चुकून 'ए' पडला असेल, बारावीत एखादा विषय सोडला असेल, तर ट्रान्स्क्रिप्टची वाट बघू नका. ज्या कॅम्पसला होकार दिला, तिथल्या ॲडमिशन ऑफिसला मुलानं किंवा मुलीनं स्वतः कळवावं: अर्जात काय लिहिलं, खरं काय, गफलत कशी झाली. चार ओळी पुरतात, सारवासारव अजिबात नको. तफावत आधी त्यांना सापडली तर प्रवेश रद्दही होऊ शकतो. शाळेच्या काउन्सेलरलाही सांगा आणि आलेलं लेखी उत्तर जपून ठेवा.

– कार्यकारिणी