जमीन विकू नका, बाबा

पूर्व लंडन
9 नोव्हेंबर 2025

ती. बाबांना,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही सासवडच्या जमिनीला गिऱ्हाईक आल्याचं बोललात. ती तुम्ही आमच्यासाठी, इथल्या इमारतीच्या दुरुस्तीच्या खर्चासाठी, काढायला निघालात, हे आईकडून नंतर कळलं. फोनवर हा विषय निघाला की दोन्हीकडे गळा दाटतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितेय. बाबा, जमीन विकू नका. का, ते नीट सांगते.

तुम्ही नेहमी विचारता, फ्लॅट तुमचा तर भिंत दुसऱ्याची कशी? आम्ही 2016 साली घेतला तो फ्लॅट 125 वर्षांच्या लीजवर. जमीन, सांगाडा, बाहेरच्या भिंती, जिने, गच्ची सगळं फ्रीहोल्डरचं. आमची फक्त आतली जागा. दुरुस्ती काढणार तो, कंत्राटदार नेमणार तो, आणि बिल सर्व्हिस चार्जमधून आमच्या नावावर. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी असताना कन्व्हेयन्ससाठी बिल्डरकडे किती खेटे घातलेत! इथे जमीन रहिवाशांच्या नावे करून द्यायचं बंधनच बिल्डरवर नाही. हवी असेल तर किमान निम्म्या फ्लॅटवाल्यांनी एकत्र येऊन ती विकत घ्यायची.

आता क्लॅडिंग, म्हणजे इमारतीच्या भिंतींवर बाहेरून चढवलेलं आवरण. मागच्या बाजूला तपासणीसाठी पॅनेल उघडलं तेव्हा मी खाली जाऊन पाहिलं. बाहेर लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट, म्हणजे कागदाचे थर राळेत दाबून केलेलं, आपल्या सनमायकाच्याच जातीचं पण जाड. त्यामागे बोटभर पोकळी आणि पोकळीच्या मागे पिवळट फोम. दोन्ही जळणारे. त्या पोकळीतून आग वर ओढली जाते, म्हणून प्रत्येक मजल्याला ती अडवणारी पट्टी बसवायची असते. उघडलं तिथे एका जागी पट्टी होती, दुसऱ्या जागी अर्धवट कापून सोडलेली, तिसऱ्या जागी नव्हतीच. तुम्ही वीज मंडळात जन्म काढलात, अशा कामावर सही करणाऱ्याला तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे.

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. 14 जून 2017, चोवीस मजली इमारत, मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावर एका फ्रिजपाशी आग लागली आणि साधारण अर्ध्या तासात शेंड्याला पोचली. तिथलं क्लॅडिंग ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिएथिलीन भरलेलं. 72 माणसं गेली. आत थांबा, दार लावून घ्या, असं अग्निशमन दलवाले लोकांना जवळजवळ दोन तास सांगत होते. चौकशीचा शेवटचा अहवाल 2024 च्या सप्टेंबरात आला. यातला प्रत्येक मृत्यू टाळता आला असता, असं अध्यक्ष मार्टिन मूर-बिक यांनी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं. मी ते ऐकलं आणि त्या रात्री अनयच्या खोलीतच झोपले.

आमच्या इमारतीच्या तपासणीचा फॉर्म आला तो ‘बी-टू’ शेऱ्याचा, म्हणजे भिंत जळणारी आहे आणि काम करावंच लागेल. तो शेरा पडला की बँक कर्ज देईना, आणि कर्ज नाही तर गिऱ्हाईक नाही. एका बेडरूमची जागा दोघांसाठी घेतली होती. अनय झाला, मोठा झाला, आम्ही हॉलमध्ये पार्टिशन घातलं. मोठं घर बघू, हे वाक्य घरातून गेलंच. मग ‘वेकिंग वॉच’ आला: पिवळ्या जाकिटातली माणसं हातात भोंगा घेऊन चोवीस तास मजले फिरत. रात्री जिन्याचं दार वाजलं की कळायचं, ते आले. बिचारे थंडीत उभे राहायचे, पण त्यांचा पगार आमच्याच माथी. कॉमन अलार्म बसला तेव्हा कुठे ते बंद झाले.

पैशाचं आता ऐका. 2022 साली बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट आला. इमारत किमान अकरा मीटर उंच किंवा किमान पाच मजली असेल, आणि 14 फेब्रुवारी 2022 ला फ्लॅट तुमचं राहतं घर असेल, तर असुरक्षित क्लॅडिंग काढायचा एक पेनीही लीजवाल्यावर टाकता येत नाही. बाकीच्या जुन्या दोषांना लंडनमध्ये बहुतेकांसाठी 15,000 पौंडांची मर्यादा, तीही दहा वर्षांत विभागून. वेकिंग वॉचचे आम्ही भरलेले त्यातच धरले जातात. आम्ही दोन्ही अटींत बसतो, कागद दाखल झालेत. बिल्डरवर केस करायची मुदत आधी सहा वर्षांची होती. जुन्या घरांसाठी ती तीस वर्षांवर नेली आहे. आमचा बिल्डर सरकारच्या करारावर सही करून बसलाय, काम त्याच्या खर्चानं व्हायचं आहे. इमारतीचा विमा मात्र या कवचात नाही, तो वाढलाय आणि आम्ही भरतोय. तेवढं आमच्या पगारात बसतं, शपथेवर सांगते.

हे आपोआप मिळालेलं नाही. ठिकठिकाणचे लीजवाले रस्त्यावर उतरले, खासदारांच्या दारात बसले, तेव्हा मिळालं. आणि सगळ्यांना मिळालंही नाही. आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाची इमारत चारच मजली, अकरा मीटरच्या आत. त्यांना हे कवच लागू नाही. आग मीटर मोजून लागते का? मला याचा संताप येतो आणि आमचं काम झालं तरी मी त्यांच्यासाठी पत्रं लिहीत राहणार आहे.

अठरा मीटरवरच्या, सरकारी योजनेतल्या इमारती 2029 अखेर दुरुस्त व्हाव्यात असं सरकारनं ठरवलंय. आमची परांची मार्चमध्ये चढेल असं पत्र आहे. मग काही महिने सगळ्या खिडक्यांवर जाळी, उजेड नाही, दिवसभर ठोकाठोक. आईला ते सोसणार नाही, म्हणून तिकीट फेब्रुवारीचं काढा. थंडी असेल, पण आम्ही हीटर जपून लावत नाही, काळजी नको.

आल्यावर पहिल्या दिवशीच मी तुम्हा दोघांना जिना दाखवीन. अलार्म वाजला तर लिफ्टकडे वळायचं नाही, आमची वाट बघायची नाही, पासपोर्टसाठी मागे फिरायचं नाही. आईचा गुडघा आहे, तर तिनं कठडा धरून हळू उतरायचं आणि तुम्ही तिच्या एक पायरी खाली राहायचं. खाली आलात की समोरच्या शाळेच्या फाटकापाशी थांबा, आमच्या मजल्याची सगळी तिथेच जमतात. आईला हे आत्ताच वाचून दाखवा, म्हणजे इथे आल्यावर घाबरणार नाही.

तुमची,
मीना