वहिनी, मंडळातली माझी जागा तुम्ही राखून ठेवलीत

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

आपली घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळ आजवर आली नव्हती. हे पत्र मात्र मी मुद्दाम चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते दुसऱ्या कुणाच्या घरीही करता येण्यासारखं आहे, आणि ते लोकांना कळायला हवं. तोंडाने सांगायला गेले तर अजून निम्म्या वाटेत शब्द हरवतात. लिहितानाही हरवतात, पण कागद थांबून राहतो. जिथे अडले तिथे सूनबाईने दोन-तीन शब्द पुढे ठेवले आणि मी त्यातला माझा उचलला.

पहिले आभार त्या दुपारचे. भाजी निवडता निवडता माझं तोंड वाकडं झालं, उजवा हात मांडीवरून घसरला आणि मी काहीतरी बरळले. घरच्यांना वाटलं पित्त झालं असेल, जरा पडू दे. तुम्ही ऐकलं नाहीत. रिक्षा बोलावलीत, सोबत बसलात, आणि ‘हे कधीपासून?’ असं डॉक्टरांनी विचारल्यावर ठामपणे सांगितलंत, “अडीच वाजता ह्या माझ्याशी नीट बोलत होत्या.” तो पक्षाघात होता. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास मोजतात ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून. हे मला नंतर कळलं. तुमच्या त्या एका वाक्यामुळे मला ते वेळेत मिळालं.

जीव वाचला, पाय हळूहळू उचलायला लागला, पण वाचा गेली. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. समोरच्याचं बोलणं कळायचं, मला काय म्हणायचंय तेही पक्कं माहीत असायचं, पण ‘पाणी’ म्हणायला जावं तर तोंडातून नुसतं ‘ते… ते…’ निघायचं. मी जन्मभर शाळेत मुलांना वाचायला शिकवलं, वहिनी. तेव्हाचे माझे दिवस कसे गेले ते तुम्हाला सांगायला नको. भेटायला येणारी माणसं माझ्याशी ओरडून बोलायची, जणू माझे कान गेलेत. काही जण माझ्यादेखत यजमानांना विचारायची, “यांना काही कळतं का हो?” तुम्ही आलात ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलात आणि नळावरच्या भांडणाची हकिगत पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याकडे बघून सांगितलीत. मध्येच थांबून माझं मत विचारलंत, आणि मला ते देता येईना तरी घाई केली नाहीत. मी खुदकन हसले. दुखण्यानंतरचं माझं ते पहिलं हसू.

मग तो गुरुवार. भिंतीपलीकडे तुमच्याकडे भजन बसलं होतं. ‘जय जय रामकृष्णहरी’चा गजर सुरू झाला आणि माझ्या तोंडून तो अख्खा बाहेर पडला. एक अक्षर अडखळलं नाही. यजमान स्वयंपाकघरातून हातातला चिमटा तसाच घेऊन धावत आले. मी त्यांना ‘अहो’ म्हणायला गेले, तर पुन्हा ‘ते… ते…’!

स्पीच थेरपिस्ट बाईंनी दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही शेजारीच होतात. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचा कारभार डावीकडे चालतो. फ्रान्सच्या पॉल ब्रोका या डॉक्टरांनी १८६१ सालीच तिथला नेमका भाग दाखवला होता. माझी इजा त्याच बाजूची. सूर मात्र उजवी बाजूही सांभाळते, आणि वर्षानुवर्षं घोकलेलं गाणं शब्द न शोधता सलग बाहेर येतं. बाईंनी हेही स्पष्ट सांगितलं की भजन म्हणता आलं म्हणजे बोलता आलं असं नाही, ती वाट निराळी चालावी लागेल. १९७३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या तज्ज्ञांनी एक पद्धत मांडली होती. रोजचं छोटं वाक्य दोन सुरांत म्हणायचं, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि जमू लागलं की सूर हळूहळू काढून घेत साध्या बोलण्यावर यायचं.

मी घाबरले होते. तुम्ही लगेच म्हणालात, “सूर ना? मग पेटी माझ्याकडे आहे.”

सकाळची कामं उरकून तुम्ही रोज यायचात. भाता हलवत सा आणि ग धरून ठेवायचात. ‘पा-णी दे.’ ‘च-हा ह-वा.’ माझा डावा हात धरून तुम्ही तो उशीवर आपटायचात. कधी शब्द यायचा, कधी पेटीच वाजत राहायची. तुमच्या चेहऱ्यावर मी कंटाळा शोधायचे, मला तो दिसला नाही. ‘अहो, जेवलात का?’ हे वाक्य सुरांशिवाय जमलं त्या दिवशी यजमान उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले, आणि तुम्ही पदराने पेटी पुसत राहिलात. ती पेटी आधीच लख्ख होती.

तरी तुमचे खरे आभार मला मानायचे आहेत ते आपल्या भजनी मंडळासाठी. मी आजारी होते तेवढे महिने तुम्ही माझ्या जागी कुणाला बसू दिलं नाहीत. भिंतीला टेकून, पखवाजाच्या डावीकडे, सतरंजीचा तो कोपरा मोकळाच राहिला. मला उचलून तिथे नेऊन बसवलंत तेव्हा माझ्या तोंडून चार शब्द धड निघत नव्हते. दोन्ही हात लागतात म्हणून टाळ मला जमेना, तर डाव्या हातात चिपळ्या दिल्यात. माझा आवाज चढेना म्हणून सगळ्या मंडळाची गाण्याची पट्टी पेटीच्या काळी चारवरून खाली पांढरी चारवर उतरवलीत. तुमचा स्वतःचा आवाज त्या पट्टीत खुलत नाही हे मला माहीत आहे. त्याबद्दल तुम्ही आजतागायत एक शब्द काढलेला नाही.

त्या कोपऱ्यात मी पेशंट नव्हते. ठेका चुकला की मागून टपली बसायची, जशी पूर्वी बसायची. भजन संपलं की सुनांच्या गोष्टी, गॅसचे भाव, कुणाच्या आंबेडाळीत मीठ जास्त झालं त्याची चर्चा. मी ऐकायचे आणि इतकं बरं वाटायचं की घरी परत न्यायला आले की रुसायचे. व्यायामाने माझ्या पायात ताकद आली, औषधांनी रक्तदाब आटोक्यात राहिला, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण सकाळी उठावंसं वाटायचं ते गुरुवार जवळ आला म्हणून. मी आधी आनंदात आले, वहिनी, बोलायला त्यानंतर लागले.

चालण्याचा व्यायाम सांगितला तेव्हाही तुम्ही मला बागेत नाही, सतारमेकर गल्लीत नेलंत. मिरजेत राहून मी तिथे कधी निवांत थांबले नव्हते. टांगलेले भोपळे, लाकडाचा भुसा, आणि तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, लावणारे ते चाचा. तारेखाली दोरा किंचित सरकवला की आवाज एकदम फुलतो, हे त्यांनी मला दाखवलं आणि डाव्या हाताने चारही तारा छेडू दिल्या. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पुढे काठी टेकत आपण मीरासाहेबांच्या दर्ग्यापर्यंत जायला लागलो. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना प्लेग झाला आणि या दर्ग्यात गाऊन ते बरे झाले, असं मिरजेत सगळे सांगतात. त्यांची कबरही तिथेच आहे. उरुसाला चिंचेखाली गाणं ऐकत तुम्ही, मी आणि मंडळातल्या बाकीच्या पहाटेपर्यंत बसलो. मी बराच वेळ रडले, पण दुःखाने नाही, हे तुम्हाला कळलं असेलच.

माझं बोलणं पूर्ववत होईल का, माहीत नाही. फोनवर अजून अडते, माणसांची नावं सुटतात, घाई झाली की सगळंच सुटतं. आता त्याची भीती वाटत नाही, कारण मी अडले की तुम्ही थांबता.

आता एक काम सांगते. मागच्या गल्लीतल्या त्या निवृत्त पोस्टमन काकांना गेल्या महिन्यात पक्षाघात झाला. वाचा गेली आहे. काकू सांगत होत्या की ते दार लावून बसतात. तरुणपणी ते सोंगी भजनात गायचे. येत्या बुधवारी सकाळी आपण दोघी जाऊ. पेटी उचलायला मी नातवाला सांगून ठेवलं आहे, चिपळ्या मी आणते. त्यांची पट्टी कोणती ते तेवढं काकूंना आधी विचारून ठेवा.

तुमची,
भिंतीपलीकडची