दीव पाहून आल्यावर वसईच्या मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दीव बेट पाहून परतलो आणि त्याविषयी पहिले पत्र तुलाच लिहावे असे ठरवले, कारण वसईच्या किल्ल्यात वाढलेल्या माणसाला दीवची गोष्ट निम्मी आधीच ठाऊक असते. हुमायून गुजरातवर चालून येत होता तेव्हा सुलतान बहादूरशहाला समुद्राच्या बाजूने आधार हवा होता. त्यासाठी त्याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढल्या वर्षी दीवला किल्ला बांधण्याची मुभा दिली. हुमायून माघारी फिरल्यावर सुलतानाला हा सौदा सलू लागला. फेब्रुवारी १५३७ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्या याला त्याच्या जहाजावर भेटून परतत असताना दीवच्याच पाण्यात बहादूरशहा मारला गेला.

तिथून दोन्ही ठिकाणांचे नशीब वेगळे झाले. तुझी वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकली आणि कालांतराने तिथल्या चर्चचे अवशेष झाले. दीवला मात्र पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकली, त्यामुळे जे तू फक्त छप्पर नसलेल्या भिंतींच्या रूपात पाहिले आहेस ते तिथे अजून वापरात दिसते. १६१० मध्ये पूर्ण झालेल्या सेंट पॉल चर्चचा दर्शनी भाग पाहून मी बराच वेळ जागचा हललो नाही. शिंपल्यांची नक्षी, वेटोळे घेणाऱ्या रेषा, आत कोरीव लाकडाची वेदी, आणि हे सगळे उपासनेसाठी आजही उघडे. उंचवट्यावरचे सेंट थॉमस चर्च आता संग्रहालय झाले आहे आणि त्यात संतांच्या जुन्या लाकडी मूर्ती ठेवल्या आहेत. १५९३ च्या सेंट फ्रान्सिस चर्चच्या वास्तूत तर रुग्णालय आले. इमारत जिवंत ठेवण्याचा याहून चांगला मार्ग मला सुचत नाही, आणि वसईच्या एखाद्या चर्चला असे भाग्य लाभले असते तर, हा विचार तिथे वारंवार मनात येत होता.

किल्ला बेटाच्या पूर्व टोकावर आहे. तीन बाजूंना समुद्र आणि जमिनीच्या बाजूला खडकात खोदलेला खंदक. बुरुजांवर तोफा अजून आहेत. समोर खाडीच्या मुखाशी पाणीकोठा नावाचा लहानसा जलदुर्ग आहे, जो लांबून नांगरलेल्या दगडी जहाजासारखा दिसतो. १५३८ मध्ये इजिप्तहून आलेल्या सुलेमान पाशाच्या तुर्की आरमाराने आणि १५४६ मध्ये गुजरातच्या सैन्याने या किल्ल्याला वेढा घातला. दुसरा वेढा उठला तेव्हा तटबंदी मोडून पडली होती आणि दुरुस्तीला पैसा नव्हता. गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागताना स्वतःच्या दाढीचे केस तारण म्हणून पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केस सन्मानाने परत केले. गोव्याशी दीवचे नाते पुढेही असेच राहिले. १९६१ नंतर गोवा, दमण आणि दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश होता आणि १९८७ पर्यंत या काठेवाडच्या बेटाचा आमदार पणजीच्या विधानसभेत बसत असे.

पण मित्रा, मला तुला खरे सांगायचे आहे ते किल्ल्याविषयी नाही. प्रवासी दोन तासांत किल्ला पाहून नागव्याच्या किनाऱ्याकडे निघून जातात, आणि ज्या लोकांमुळे हे बेट चारशे वर्षे चालले त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही. दीव आणि काठेवाडचे विणकर जे कापड विणत, ते इथले वाणी व्यापारी जहाजांनी मोझांबिकला नेत आणि हस्तिदंत घेऊन परतत. हा व्यापार एवढा मोठा होता की १६८६ मध्ये दीवच्या महाजनांना, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मंडळाला, त्याची मक्तेदारीच मिळाली. या संपत्तीला काळी बाजूही आहे, कारण त्याच जहाजांतून आफ्रिकेतली माणसेही गुलाम म्हणून आणली गेली, आणि किल्ल्याची वाखाणणी करणाऱ्यांनी हे विसरू नये असे मला मनापासून वाटते. जुन्या शहरातल्या नगरशेठच्या हवेलीसमोर उभे राहिले की तिच्या कोरीव दर्शनी भागामागे कोणता समुद्रव्यापार होता ते ध्यानात येते. दीवचा हा वारसा एकट्या पोर्तुगीजांचा नाही. तो तितकाच विणकरांचा, वाण्यांचा, खलाशांचा आणि सक्तीने समुद्र ओलांडलेल्यांचा आहे.

समुद्र ओलांडणे अजून थांबलेले नाही. १९६१ पूर्वी दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते, त्यामुळे आधी मोझांबिकला जाणारी कुटुंबे पुढे लिस्बनला आणि तिथून इंग्लंडमध्ये लेस्टरला पोहोचली. बेटावरच्या फुदम गावात गल्ल्यांतून हिंडताना कुलूपबंद घरे दिसली की वाईट वाटते; रंग उडालेल्या खिडक्या, ओटे झाडलेले, पण आत कोणी नाही. चर्चला पुरातत्त्वाचे छत्र मिळू शकते, या साध्या घरांना ते मिळणार नाही, आणि माझ्या मते बेटाचा खरा इतिहास त्यांतच अधिक आहे.

तू पावसाळा सरल्यावर नक्की जा. उनापर्यंत आगगाडी आहे, पुढे रस्त्याने दीव जवळच आहे. किल्ला शेवटच्या दिवसासाठी ठेव. आधी वणाकबाऱ्याला जाऊन लाकडी होड्या बांधणारे कारागीर पाहा, मग फुदम, मग जुन्या शहराच्या गल्ल्या. वसईतल्या घरांचे आणि चर्चचे जे बारकावे तुला तोंडपाठ आहेत, ते दीवच्या घरांशी ताडून पाहून मला सविस्तर लिही. तेवढी नजर माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडे ती आहे.

घरी सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र