पंचशीलांचे नवेपण कशात शोधावे?

महोदय,

सांगलीत नुकत्याच झालेल्या एका व्याख्यानानंतर श्रोत्यांत जुंपलेला वाद अजून शमलेला नाही. भगवान बुद्धांच्या पंचशीलांपैकी (हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहण्याच्या पाच नियमांपैकी) बहुतेक शीले जैन परंपरेत आधीपासूनच होती, मग त्यांत बुद्धांचे स्वतःचे काय, असा वक्त्यांचा सवाल होता. हा बुद्धांचा अवमान आहे, असे म्हणून काही मंडळी उठून गेली. जैन आणि बौद्ध घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आलेल्या या जिल्ह्यात हा प्रश्न रागावर सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

हिंसा, असत्य आणि चोरी यांपासून दूर राहण्याचा आग्रह महावीरांच्या आधीचे तीर्थंकर पार्श्वनाथ यांच्या चातुर्यामात, म्हणजे चार व्रतांच्या धर्मात, होता, हे मान्यच करायला हवे. ते ऋण मराठीत ठामपणे मांडले ते बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी, आणि त्यांच्या बुद्धनिष्ठेबद्दल कोणी शंका घेणार नाही. भिक्षूंच्या नियमांचा बौद्ध ग्रंथ असलेले खुद्द विनयपिटक तर याबाबत विलक्षण मोकळे आहे. ठरावीक तिथींना एकत्र जमून धर्मचर्चा करण्याची चाल इतर पंथांची होती. ती आपल्या भिक्षूंनीही घ्यावी असे बिंबिसार राजाने सुचवले आणि बुद्धांनी ते मानले. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, हे शाक्यपुत्रीय श्रमण, म्हणजे बुद्धांचे भिक्षू, मात्र हिरवे गवत आणि बारीकसारीक जीव तुडवत हिंडतात, अशी लोकांची कुरबुर कानावर आली, तेव्हा वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचा, नियम झाला. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात तर बुद्ध सांगतात की, रानात हिंडणाऱ्या माणसाला पूर्वजांची जुनी वाट सापडावी, तसा पूर्वीच्या बुद्धांचा मार्ग आपल्याला सापडला. त्यांनी स्वतः न केलेला दावा त्यांच्या नावाने करून आपण शेजाऱ्याशी भांडावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मात्र एवढ्यावरून बुद्धांनी नवे काहीच दिले नाही, असे म्हणणेही तितकेच उथळ आहे. पाचवे शीलच पाहावे: जैन गृहस्थांच्या पाच अणुव्रतांत तेथे परिग्रहाची, म्हणजे मालमत्तेच्या संग्रहाची, मर्यादा येते, पंचशीलात मद्यपानापासून दूर राहणे येते, कारण बुद्धांच्या नीतीत मनाची जागरूकता हाच पाया आहे. चेतना, म्हणजे कृतीमागचा हेतू, हेच कर्म, असे ते स्पष्ट सांगतात. काया, वाचा आणि मन यांतले कोणते पापकर्म अधिक गंभीर, यावर नालंदेत झालेला वाद मज्झिम निकाय या दुसऱ्या पाली संग्रहात आहे. तेथे निर्ग्रंथांच्या, म्हणजे त्या काळच्या जैनांच्या, बाजूने कायेचे आणि बुद्धांनी मनाचे कर्म गंभीर मानले आहे. अर्थात हे बौद्ध ग्रंथातले वर्णन आहे, आणि हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाला, म्हणजे मनाच्या बेसावधपणाला, स्थान देणारे तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ वाचणाऱ्याला जैनांची बाजू एवढी सरधोपट वाटणार नाही. तरीही चेतनेला सगळ्या नीतीचा मध्यबिंदू करून त्याभोवती भिक्षू आणि गृहस्थ दोघांचेही आचरण बुद्धांनी ज्या सातत्याने उभे केले, त्यातच माझ्या मते त्यांचे नवेपण आहे.

नालंदेच्या त्याच वादानंतर निर्ग्रंथांचा उपासक असलेला उपाली गृहपती बुद्धांचा अनुयायी झाला. निर्ग्रंथांना तुझ्या घरी भिक्षा मिळत आली आहे, ती पुढेही मिळावी, असे बुद्धांनी त्याला सांगितले. व्याख्यानमालेच्या संयोजकांना माझी विनंती आहे की, पुढील वर्षी याच विषयावर पाली आणि अर्धमागधी अशा दोन्ही भाषांच्या अभ्यासकांना एकाच व्यासपीठावर बोलवावे, आणि मूळ उतारे श्रोत्यांना वाचून दाखवावेत.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली