वॉरंटी नाकारायची तर लेखी नाकारा

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

चार वर्षं जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स गेला आणि नेमक्या त्याच भीतीपोटी पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी कंपनीने नाकारली, एवढीच माझी कर्मकथा. ती माझ्या एकट्याची नाही, हे सर्व्हिस सेंटरच्या लाउंजमध्ये अर्धा तास बसलं की कळतं. तिथे फुकटचा चहा पीत बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर एक फाइल असते. गाडी बिघडली याचं मला फारसं काही वाटत नाही, यंत्र म्हटलं की बिघडायचंच. नकार ज्या पद्धतीने दिला जातो, तिच्याबद्दल हे पत्र आहे.

दोष असा. खंबाटकी घाटात वाहतूक तुंबली आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चढायला लागली की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके बसतात, मग ट्रान्समिशन तापल्याचा इशारा डॅशबोर्डवर येतो. एकदा तर मागे भरलेला ट्रक असताना गाडीने गिअरच सोडून दिला. या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात आणि ते जोडण्या-सोडण्याचं काम ड्रायव्हरच्या पायाऐवजी एक कंट्रोल युनिट करतं. ड्राय क्लचचा हा प्रकार चढावर सारखं थांबत-सरकत जावं लागलं की तापतो, हे कुठलाही जाणता मेकॅनिक सांगेल.

मी हे पहिल्या वर्षापासून सांगत होतो. जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार लिहायचा रकाना असतो. त्यात सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर लिहायचा, ‘जर्क इन लो गिअर’. गाडी परत घेताना त्याच्यासमोर लिहिलेलं असायचं, ‘चेक्ड, फाउंड ओके’. टेस्ट ड्राइव्ह कुठे घेतली? तर वर्कशॉपमागच्या सपाट रस्त्यावर, सकाळच्या गारव्यात. शिवाय ‘सर, या मॉडेलची ती कॅरॅक्टरिस्टिकच आहे’ हे ऐकायचं ते वेगळंच. मूळ वॉरंटी संपून वाढीव वॉरंटी सुरू झाली आणि कालपर्यंतची कॅरॅक्टरिस्टिक एका रात्रीत बिघाड ठरली. एस्टिमेट एक लाख ऐंशी हजारांचं.

आता कारणं ऐका. आधी म्हणाले, क्लच हा झिजणारा भाग, तो कव्हर होत नाही. मग कंट्रोल युनिटही झिजतं का, असं विचारलं, तेव्हा एक सर्व्हिस उशिरा झाल्याचं निघालं. ती तारीख त्यांनीच दिली होती, तो मेसेज मोबाइलवर दाखवला. त्यावर तिसरं कारण आलं, ‘बहुतेक पाणी गेलं असेल’. बहुतेक! गिअरबॉक्स उघडून पाहिला का? नाही. उघडायचे चार्जेस वेगळे, आणि क्लेम मंजूर झाला नाही तर ते ग्राहकाने भरायचे. म्हणजे त्यांच्या अंदाजाची खातरजमा आपल्या खिशातून.

हे सगळं तोंडी, काउंटरवर उभ्या उभ्या. लेखी मागितलं तर दोन ओळींचा मेल आला की अटी व शर्तींनुसार क्लेम ग्राह्य नाही. कोणती अट, कितवं कलम, गाडी कोणी तपासली, काय आढळलं, यातलं काही नाही. खाली माणसाचं नावसुद्धा नाही, नुसतं ‘टीम कस्टमर केअर’.

याच गाडीच्या विम्याशी हे ताडून पाहा. विमा कंपनीला दावा फेटाळायचा असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात. मोठं नुकसान असेल तर परवानाधारक सर्व्हेअर येऊन पाहणी करतो आणि त्याचा अहवाल मागता येतो. तरीही पटलं नाही तर विमा लोकपाल आहेत. त्यांचं एक कार्यालय पुण्यात आहे, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. वाढीव वॉरंटी घेताना आपण वेगळं काय करतो? पुढे कधी तरी होणाऱ्या बिघाडाच्या खर्चापोटी आज रक्कम भरतो, त्यावर 18 टक्के जीएसटी भरतो. काही योजनांच्या मागे विमा कंपनी असते, पण वाहन कंपनीने स्वतःच्या नावाने दिलेली वॉरंटी विमा नियामकाच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे पैसे घ्यायचे विम्यासारखे आणि दावा आला की पक्षकारही आपण, सर्व्हेअरही आपण आणि न्यायाधीशही आपणच, अशी कंपन्यांची चैन आहे.

अटींची पुस्तिका तरी पैसे भरायच्या आधी हातात पडावी! शोरूममध्ये ‘बंपर टू बंपर, सर, टेन्शनच नाही’ एवढंच कानावर पडतं. पुस्तिका मिळते गाडीची किल्ली, नारळ आणि मिठाईचा बॉक्स यांच्यासोबत. तिच्यात काय कव्हर होतं ते अर्ध्या पानात उरकलंय आणि काय होत नाही ते पानोपानी चाललंय: रबरी भाग, ऑइल सील, गॅस्केट, क्लच, आवाज, गंज, ‘शिफारस न केलेलं इंधन’. या शेवटच्या कलमाकडे एप्रिल 2023 च्या आधीच्या गाड्यांच्या मालकांनी जरा लक्ष द्यावं. पंपावर आज जे साधं पेट्रोल मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, या जुन्या गाड्या बहुतेक त्यासाठी बनवलेल्या नाहीत आणि दुसरं कुठलं भरावं, हे ती पुस्तिका सांगत नाही.

कायदा आहे, आणि कागदावर तो चांगलाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, 10 ते 20 लाखांच्या गाडीला फी फक्त 400 रुपये. निकाल तीन महिन्यांत, आणि तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असंही त्यात आहे. प्रत्यक्षात किती काळ जातो, ते आयोगाच्या बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना विचारा. खरी ग्यानबाची मेख वेगळीच आहे. उत्पादनात दोष होता हे ग्राहकाने दाखवायचं. त्या दोषाची नोंद गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये, ती पूर्ण वाचायचं उपकरण कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, आणि वर्कशॉपच्या कागदावर लिहिलेलं ‘फाउंड ओके’. अटीच अन्याय्य आहेत म्हणून दाद मागावी, तर याच कायद्यात ‘अन्याय्य करारा’ची तरतूद आहे खरी, पण ती तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. साताऱ्याच्या माणसाने गिअरबॉक्ससाठी राज्य आयोग गाठायचा!

डीलर म्हणतो, निर्णय कंपनीचा. कंपनी म्हणते, डीलरशी बोला. हा टोलवाटोलवीचा खेळ नुसता कंटाळवाणा असता तरी चाललं असतं, पण तो महागातही पडतो. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने 2009 ची गाडी 2011 मध्ये नवी म्हणून विकली होती. त्या प्रकरणात, डीलरच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झालेलं नाही म्हणून कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली म्हटलं. म्हणून शोरूममधल्या सेल्समनने तोंडी दिलेल्या आश्वासनाची किंमत काय, हे आपलं आपण ओळखावं.

बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तर वॉरंटी जाईल, ही धमकीही सर्रास दिली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 च्या आदेशात 14 कार कंपन्यांना 2,544 कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, त्या दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. काउंटरवरची भाषा अजून तीच आहे.

अमेरिकेतल्या राज्यांमध्ये ‘लेमन लॉ’ आहेत. वॉरंटीतला गंभीर दोष वाजवी संधी देऊनही दुरुस्त झाला नाही, तर कंपनीला गाडी बदलून द्यावी लागते किंवा पैसे परत करावे लागतात. तसं काही आपल्याकडे लगेच येईल अशी आशा मी धरलेली नाही. माझी मागणी अगदी कारकुनी आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने एवढाच नियम करावा की वाढीव वॉरंटीचा दावा नाकारताना कलमाचा क्रमांक, तपासणीत काय आढळलं ते, कंट्रोल युनिटच्या स्कॅन रिपोर्टची प्रत आणि तपासणाऱ्याची सही असलेलं पत्र ठरावीक दिवसांत ग्राहकाच्या हाती पडलंच पाहिजे. ते दिलं नाही तर दावा मंजूर धरावा. आणि मूळ वॉरंटीच्या काळात जॉब कार्डवर नोंदलेली तक्रार नंतर ‘झीज’ म्हणून झटकता येऊ नये. यात कंपन्यांचं दिवाळं निघेल असं काही नाही. पाणी खरंच गेलं असेल, तर ते लिहून द्यायला अडचण काय?

या लेखी नोंदीचा संबंध माझ्या एक लाख ऐंशी हजारांपुरता नाही. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला, 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेला धोका असणारा दोष असेल, तर मालकाला सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार करता येते आणि एकाच मॉडेलच्या ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की सक्तीच्या रिकॉलची प्रक्रिया सुरू होऊ शकते. घाटात गिअर सोडणारी गाडी सुरक्षेच्या व्याख्येत बसत नसेल तर काय बसतं? पण सगळे मालक लाउंजमध्ये चहा पिऊन, ‘कॅरॅक्टरिस्टिक’ ऐकून घरी जात राहिले, तर ती संख्या भरायची कशी?

म्हणून साताऱ्यातल्या आणि आसपासच्या ज्या वाचकांच्या ऑटोमॅटिक गाड्या घाटात असे झटके देतात, त्यांनी पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि जॉब कार्डवर सही करण्याआधी स्वतःच्या अक्षरात दोष लिहावा. ॲडव्हायझर नको म्हणेल, तरी लिहावा. माझी तक्रार पोर्टलवर नोंदवून झाली आहे, जिल्हा आयोगासाठीचे कागद वकिलांकडे दिले आहेत. गाडी अजून वर्कशॉपमध्येच आहे आणि आता तिचं पार्किंग भाडं लागेल, असा मेसेज कालच आला. तो मात्र रीतसर आकड्यासह लेखी आहे.

आपला,
एक वाहनधारक, सातारा