गव्हर्नरसाहेब, सगळं खापर दुष्काळावर नको

मा. स्पेन्सर कॉक्स,
गव्हर्नर, युटा राज्य

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, ठाऊक आहे. पण पाण्याचं दुखणं मला मराठीतच नीट सांगता येतं. मी मूळचा मराठवाड्यातला, आता सॉल्ट लेक सिटीत राहतो. इथलं ग्रेट सॉल्ट लेक हे खारं सरोवर आटत चाललंय आणि सगळं खापर दुष्काळावर फोडलं जातंय, म्हणून हे पत्र.

जून २०२१ मध्ये तुम्ही लोकांना पावसासाठी प्रार्थना करायला सांगितलंत. बरेच जण हसले, मला हसू आलं नाही. आमच्या गावात धोंडी निघायची. कडुलिंबाचा पाला गुंडाळलेल्या पोरावर बायका तांब्याभर पाणी ओतायच्या. तांब्याभरच, कारण घरात तेवढंच असायचं. आणि त्याच शिवारात कॅनॉलच्या कडेला ऊस डोक्याच्या वर उभा असायचा!

इथे उसाच्या जागी अल्फाल्फा, म्हणजे आमचा लसूणघास. तुम्ही स्वतः तो पिकवणारे शेतकरी, तुम्हाला मी काय सांगू? उष्णता वाढलीय, हे खरंच. बर्फ वितळलं की कोरडी जमीनच आधी पिऊन घेते, मग ऊन. पण बेअर, वेबर आणि जॉर्डन या नद्यांचं पाणी सरोवराला मिळण्याआधीच वळवलं जातं, सर्वांत जास्त शेतीला, आणि त्यातलं बहुतेक चाऱ्याला. अभ्यासकांच्या हिशेबात सरोवर आटण्यात दुष्काळापेक्षा हा उपसा मोठा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पातळी समुद्रसपाटीपासून ४,१८८.५ फुटांवर आली, तोवरची सर्वांत खाली. पुढच्या हिवाळ्यात विक्रमी बर्फ पडलं, पाणी चढलं, आपण सुटकेचा श्वास सोडला. मग ते पुन्हा उतरू लागलं. अँटिलोप बेटाकडे चालताना बुटाखाली मिठाचा पापुद्रा कुरकुर मोडतो. वारा सुटला की गाडीच्या काचेवर करडी धूळ बसते. तळाच्या त्या मातीत आर्सेनिक आहे, म्हणून अशा दिवशी लेकीच्या दप्तरात इनहेलर आहे ना, हे आधी बघतो.

२०२२ मध्ये शेतकऱ्याला आपलं पाणी सरोवरासाठी भाड्याने देण्याची वाट कायद्याने मोकळी केली, हे चांगलंच झालं. पण वरच्याने सोडलेलं पाणी खालचा उचलणार असेल तर काय उपयोग? आमच्या कॅनॉलवर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं हेच रडगाणं असतं. म्हणून मागणी एवढीच: चारा कमी करणाऱ्याला रोख मोबदला द्या, प्रत्येक पाटाच्या तोंडाशी मीटर बसवा, आणि सरोवरात प्रत्यक्ष किती पाणी पोचलं तो आकडा दर आठवड्याला जाहीर करा. इथे होणाऱ्या २०३४ च्या हिवाळी ऑलिम्पिकची वाट बघू नका.

आपला,
सॉल्ट लेक सिटीतला एक मराठवाडी