मंदे, तिसरं इंजेक्शन घ्यायच्या आधी हे वाच

इंदिरानगर, नाशिक
रविवार, रात्री साडेदहा

मंदे,

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, "गुरुवारी गुडघ्यात तिसरं घेतेय गं, दुसऱ्याचा असर संपला," आणि लगेच लेकीच्या डोहाळजेवणावर आलीस. मी पण हो हो करत बसले, हिरवी साडी की पोपटी असलं काहीतरी बोलले, आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. व्हॉइस नोट टाकणार होते पण तू त्या दुप्पट स्पीडने ऐकतेस ते मला माहितीये, म्हणून लिहिते.

दोन वर्षांत उजव्या गुडघ्यात माझी स्टिरॉइडची पाच इंजेक्शनं झाली हे तुला ठाऊक आहे. ती पाच मी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून घेतली हे नाही सांगितलं. आमच्या ह्यांनाही नाही.

पहिलं घेतलं तेव्हा खरंच हाल होते. पहाटे पाचला ओट्याशी उभी राहिले की डब्यांच्या दोनशे पोळ्या होईपर्यंत हलायचं नाही, दुपारी गुडघा नुसता दगड. डॉक्टर म्हणाले कुर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, झिजलीय, आत सूज आहे, स्टिरॉइडचं एक देऊन बघू. पहिली रात्र असा ठणकला की मी त्यांना शिव्या घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर काही नाहीच, गुडघा आहे हेच विसरले. चैत्रात वणीला गडावर गेलो, तिथे २०१८ पासून ट्रॉली आहे, बसलं की वर, पण मी म्हटलं आईने पाय परत दिलेत तर पायऱ्यांनीच जाणार. पाचशेक पायऱ्या चढले आणि उतरलेही. उतरताना तर मजा वाटत होती. त्या पायऱ्या मला आता रोज आठवतात बघ.

कारण माझी भाची, फिजिओ झालेली, ती नंतर म्हणाली, मावशी, कुर्चेला स्वतःला दुखतच नाही, तिच्यात नसा नसतात. दुखतं ते आजूबाजूचं अस्तर, हाड, सुजलेलं सगळं. इंजेक्शन ती सूज दाबतं, झीज भरत नाही. म्हणजे दुखायचं थांबलं ते मी बरी झाले असं समजून गड चढले, जादा डबे घेतले, श्रावणात त्र्यंबकच्या फेरीलाही निघाले होते, पावसाने वाचवलं.

पहिलं चार महिने टिकलं, दुसरं दोन, तिसरं जेमतेम पाच आठवडे. तेव्हा डॉक्टर स्पष्ट म्हणाले, आता वर्षभर नाव काढायचं नाही. मला राग आला. आमच्या पुतण्याचं लग्न तोंडावर, मी लंगडत वरातीत जाऊ का? दुसऱ्याकडे गेले, त्यांनी विचारलं आधी घेतलंय का, मी म्हटलं एकदा, दोन वर्षांपूर्वी. इतकी सरळ खोटं बोलले की माझंच मला नवल. पाचवं तिसऱ्याकडे, तिथे तर कोणी विचारलंच नाही, फाइल न बघता दहा मिनिटांत सुई. त्यांना काय बोलू, मीच फाइल घरी ठेवून गेले होते.

आता शुगरचं ऐक, कारण तुझीही बॉर्डरवर आहे. चौथ्यानंतर दोन दिवसांनी माझी ३१० निघाली. मला वाटलं लग्नातली जिलेबी. स्टिरॉइड सांध्यात दिलं तरी थोडं रक्तात उतरतं आणि चार-पाच दिवस, कधी आठवडाभरही शुगर वर राहते, हे मला पाच सुया घेईपर्यंत कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा पांढरा डाग आलाय, तिथली कातडी आत बसलीय, खालची चरबी विरली म्हणे. तेही त्यातलंच. आता कोणाला गुडघे दाखवायचेत म्हणा.

पाचव्याचा असर पंधरा दिवसांत गेला तेव्हा भाची हात धरून घेऊन गेली. त्या डॉक्टरांनी उभं राहून एक्स-रे काढायला लावला, माझे आधीचे सगळे झोपून काढलेले. उभं राहिल्यावर आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं. म्हणाले गुडघा बदलावा लागेल, पण आज नाही, शेवटचं इंजेक्शन आत्ताच झालंय, निदान तीन महिने थांबा, नाहीतर ऑपरेशनमध्ये इन्फेक्शनची भीती वाढते. म्हणजे जे लवकर सुटावं म्हणून घेतलं त्यानेच थांबायची वेळ आणली.

मग मी भाचीला बसवून सगळं काढून घेतलं, तुला माझा स्वभाव माहितीये. अमेरिकेत बोस्टनला १४० लोकांवर केलेला अभ्यास आहे, २०१७ मध्ये छापून आला. निम्म्यांच्या गुडघ्यात दर तीन महिन्यांनी ४० मिलिग्रॅम स्टिरॉइड, निम्म्यांना नुसतं सलाईन, दोन वर्षं, आणि कोणाला काय दिलं ते त्यांना सांगितलं नाही. शेवटी एमआरआयमध्ये स्टिरॉइडवाल्यांची कुर्चा ०.२१ मिलिमीटर झिजलेली, सलाईनवाल्यांची ०.१०. आणि दुखणं? दोघांचं जवळपास सारखं! मंदे, मिठाचं पाणी गं! मी ते ऐकून पोळी तव्यावर करपवली.

ती प्रामाणिक आहे, उलट बाजूही सांगितली. २००३ मध्ये ६८ जणांवर असाच दोन वर्षांचा अभ्यास झाला होता, त्यात एक्स-रेमध्ये काही नुकसान दिसलं नव्हतं, म्हणून डॉक्टर लोक निर्धास्त होते. पण एक्स-रेत कुर्चा दिसतच नाही, फक्त दोन हाडांमधली फट दिसते. आणि २०१९ मध्ये बोस्टनच्याच डॉक्टरांनी खुब्यात नि गुडघ्यात इंजेक्शन दिलेल्या ४५९ पेशंटचे रिपोर्ट तपासले, त्यातल्या ३६ जणांचा सांधा नंतर बिघडलेला, कोणाची झीज एकदम वाढली, कोणाच्या हाडाला बारीक चीर, कोणाचं हाडच आतून मेलेलं. इंजेक्शनमुळेच झालं की ते आधीच त्या वाटेवर होते हे अशा तपासणीतून ठरत नाही, हेही तीच म्हणाली.

तुझ्या ह्यांच्या कोपराचंही बघ, बॅडमिंटनवालं. टेनिस एल्बोला स्टिरॉइडने महिनाभर छान वाटतं आणि मग उलटतं. ऑस्ट्रेलियातल्या १६५ जणांच्या अभ्यासात इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचं दुखणं परत आलं, खोटं इंजेक्शन दिलेल्यांपैकी १२ टक्क्यांचं.

घाबरवत नाहीये तुला. माझ्या दिराचा खांदा जाम झाला होता, शर्ट घालता येईना, त्याला एकच दिलं, सोबत व्यायाम केला, आज स्कूटर चालवतो. एखादं, अगदी अडलेल्या वेळी, मी पण परत घेईन. माझं म्हणणं एवढंच की पहिल्याने जे दिवस मिळाले ते मी व्यायामाला लावायला हवे होते, ते मी गडावर आणि डब्यांवर उडवले. तू काय केलंस ते आठव. पार्लरमध्ये उभी राहून दिवाळीचा सीझन काढलास ना?

गुरुवारी जायचंच तर जा, पण दुसऱ्याला तीन महिने झालेत का ते मोज, बहुतेक डॉक्टर एका सांध्यात वर्षाला तीन-चारच्या पुढे जात नाहीत. औषधाचं नाव नि मिलिग्रॅम चिठ्ठीवर लिहून माग. शुगर सांग. उभं राहून एक्स-रे झालाय का विचार. आणि माझ्यासारखी खोटं बोलू नकोस.

मी अजून ऑपरेशन केलेलं नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं, पाय सरळ ठेवून उचलायचा, असं दिवसातून दोनदा. सहा किलो उतरवलं, एक किलो कमी झालं की पावलागणिक गुडघ्यावरचा चार किलोचा भार हलका होतो असं कळल्यावर मिसळीवरची तर्री सुटली, ते दुःख वेगळंच. ओट्याशी उंच स्टूल घेतलंय, त्यावर टेकून लाटते, मदतीला एक मुलगी ठेवलीय. दुखतं अजून, जिना उतरताना जास्त. पण आता किती दुखतंय ते मला कळतं तरी.

तुझ्या दोन्ही वेळच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठव, भाची बघेल. आणि हे वाचून नुसता अंगठा पाठवू नको, बुधवारी रात्री फोन कर, साडीचं पण तेव्हाच बोलू. पोपटीच घे.

तुझी,
शालू